पॉइंट कुणाच्या खात्यात?

"मी कळंब्याला असते," असं सांगितलं, की कोल्हापूरची माणसं आधी दचकतात आणि मग हसतात. जेलच्या पलीकडे तलाव आहे, तलावाच्या आसपास सोसायट्या आहेत आणि तिथे आमच्यासारखी ईएमआय भरणारी निरपराध माणसंही राहतात, हे त्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. असो!

तर शनिवारी संध्याकाळी साडेसातला माझ्या फ्लॅटची बेल वाजायला लागली, की समोरच्या काकू दार किलकिलं करून बघतात. चार माणसं, हातात फाशांच्या पिशव्या, कुणाकडे भडंगाचा पुडा. पहिले काही महिने काकूंना खात्री होती, की आम्ही जुगार खेळतो. फासे पडतात, आकडे ओरडले जातात, पण पैसे कुठेच दिसत नाहीत! शेवटी मीच सांगितलं, "काकू, आम्ही गोष्ट खेळतो." त्यावर त्यांचा प्रश्न, "मग जिंकतं कोण?"

या प्रश्नाने पुढे माझी झोप उडवली. कशी, ते सांगते.

आम्ही खेळतो तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. प्रत्येकाचं एक पात्र असतं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. मी गेम मास्टर, म्हणजे सूत्रधार. गुहा माझी, राक्षस माझे, पाऊसही माझा. खेळाडू सांगतात आपण काय करतो ते, फासा सांगतो जमलं की नाही ते, आणि गोष्ट पुढे सरकते. यात शेवटी कुणी जिंकत नाही. पण पात्रं वाढतात. त्यासाठी सूत्रधार देतो ते एक्सपीरियन्स पॉइंट, म्हणजे एक्स्पी. ठरावीक पॉइंट साठले की लेव्हल वाढते, आणि लेव्हल वाढली की अंगात नवं बळ येतं.

हिशोब सोपा वाटतो. आम्ही वापरतो त्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एक गॉब्लिन ५० पॉइंटांचा. सहा गॉब्लिन लोळवले की ३००. चौघांत वाटले की प्रत्येकी ७५. दुसऱ्या लेव्हलला ३०० लागतात, तिसरीला ९००, चौथीला २,७०० आणि पाचवीला ६,५००. मी तर चक्क एक्सेल शीट केली होती. रंगीत!

आणि त्या शीटनेच घोळ केला.

मित्रांची खरी नावं देत नाही, खेळातलीच देते. आमचा चोर उंदऱ्या दिवसा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत प्लॅनिंग बघतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या वडिलांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं आणि तो ओळीने सात शनिवार आला नाही. आम्ही फोन करत होतो, डबेही पोचवत होतो. पण खेळ चालू होता आणि शीटही चालू होती. जो हजर त्याला पॉइंट. नियमाला धरूनच होतं ते. उंदऱ्या परत आला तेव्हा तो तिसऱ्या लेव्हलवर होता आणि बाकीचे पाचव्या.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी सांगते. पाचव्या लेव्हलला योद्धा एका दमात दोन वार करायला लागतो, जादूगाराच्या हातात आगीचा गोळा येतो. तिसऱ्या लेव्हलचा माणूस त्यांच्यात म्हणजे मोठ्या भावंडांच्या क्रिकेटमधला कच्चा लिंबू. त्या रात्री पहिल्याच मारामारीत उंदऱ्या दुसऱ्या फेरीला आडवा झाला. थोड्या वेळाने तो उठला आणि म्हणाला, "तुम्ही खेळा, मी चहा ठेवतो."

चहा झकास झाला होता. पुढच्या शनिवारी मात्र त्याचा मेसेज आला, 'जमणार नाही.' आणि या वेळी वडील घरी आलेले होते, बरे होते.

मी पुस्तकं काढून बसले. म्हटलं, पन्नास वर्षांत या प्रश्नावर कुणीतरी डोकं चालवलंच असेल. आणि गंमत म्हणजे दर पिढीने चालवलंय, दर वेळी वेगळं!

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला तेव्हा राक्षस मारून थोडेच पॉइंट मिळायचे. खरी कमाई खजिन्याची. सोन्याचं एक नाणं बाहेर काढलं की एक पॉइंट. परिणाम काय? शहाणे खेळाडू लढाई टाळायचे. ड्रॅगन झोपलेला असताना पेटी उचलायची आणि सटकायचं. पुढे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे पॉइंट ऐच्छिक झाले. त्याच पुस्तकात आणखी एक ऐच्छिक तक्ता होता, प्रत्येकाला त्याच्या धंद्याप्रमाणे पॉइंट देणारा. चोराने आपलं कसब यशस्वीपणे वापरलं की २००. आता असा चोर वाटेतलं एक तरी कुलूप सोडेल का? ज्याला पॉइंट द्याल, तेच माणसं करत राहतात. हे वाचल्यावर मला आमच्या ऑफिसमधलं टार्गेट शीट आठवलं. तुम्हालाही आठवलं असेल.

थांबा, याहून भारी पुढे आहे. १९७९ च्या सूत्रधारांच्या पुस्तकात गायगॅक्सने चक्क अप्रेझल ठेवलंय! प्रत्येक मोहिमेनंतर सूत्रधाराने खेळाडूला श्रेणी द्यायची. उत्तम, चांगला, ठीक, वाईट. पॉइंट पुरे झाले तरी लेव्हल लगेच नाही. आधी प्रशिक्षण, श्रेणीनुसार एक ते चार आठवडे, आणि दर आठवड्याची फी लेव्हलच्या १,५०० पट सोन्याची नाणी. म्हणजे ज्याची श्रेणी वाईट, त्याला वेळही जास्त आणि खर्चही जास्त. एचआरवाल्यांनो, कल्पना घेऊ नका, प्लीज.

मागे पडलेल्यांचा विचारही कुणीतरी केलेला सापडला. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत एकाच राक्षसासाठी खालच्या लेव्हलच्या पात्राला वरच्यापेक्षा जास्त पॉइंट मिळतात. म्हणजे मागचा हळूहळू गाठतो. पाचव्या आवृत्तीने तर दुसरी वाटच उघडी ठेवली आहे. पॉइंट मोजूच नका, गोष्टीतला मोठा टप्पा ओलांडला की सगळ्यांची लेव्हल एकदम वाढवा.

हे वाचताना मला एकदम आपली तालीम आठवली. मातीवरच्या मैदानी कुस्तीत कुठे पॉइंट असतात? चितपट झाला की निकाल. आणि कुठल्या पोराची जोड कुणाशी लावायची, पुढच्या मैदानात त्याला कुठे उभा करायचा, हे वस्ताद ठरवतो. वहीत बघून नाही, पोराकडे बघून. राक्षस किती तगडा ठेवायचा हे ठरवताना मी करते ते दुसरं काय असतं? जोडच लावते की! हलकी जोड लावली तर मजा नाही, भलतीच भारी लावली तर पोरगं मोडतं. उंदऱ्याच्या बाबतीत मी हेच केलं होतं. शीट बघितली, पोरगं बघितलंच नाही.

रविवारी सकाळी मी उंदऱ्याला तलावावर फिरायला बोलावलं. एक चक्कर होईपर्यंत फाउंड्री, वडिलांची औषधं, पेट्रोलचे भाव असं सगळं झालं. मग मी विषय काढला. तो म्हणाला, "तुझा हिशोब बरोबर हाय गं. मी नव्हतोच, तर पॉइंट कशाचे? पण हिशोबच करायचा असेल तर तो मी आठवडाभर कंपनीत करतोय की. शनिवारी कशाला येऊ?"

यावर मला काही बोलता आलं नाही.

पुढच्या शनिवारी मी जाहीर केलं, शीट बंद. सगळ्यांची लेव्हल एक, टप्पा ओलांडला की एकदम वाढणार. जादूगारीण आणि वैदू लगेच 'हो' म्हणाले. आमचा योद्धा रणधीर मात्र फुगला. "मी एकही शनिवार चुकवला नाही. बायकोचा वाढदिवससुद्धा इथून उशिरा जाऊन केला. मग माझ्या हजेरीला किंमत काय?"

आणि खरं सांगू? त्याचंही चूक नव्हतं. ऑफिसमध्ये मी स्वतः याच प्रश्नावरून वर्षभर धुसफुसते. जो रोज येतो त्याला काहीच वेगळं मिळालं नाही, तर तो तरी का येईल?

मग आम्ही पाचही जण रात्री साडेअकरापर्यंत न खेळता नुसते भांडलो. त्यातून निघालं ते असं. बळ सगळ्यांचं सारखं, म्हणजे टेबलावर कुणी कच्चा लिंबू नाही. पण जो हजर असेल, त्याच्या बाबतीत गोष्टीत काहीतरी घडेल. गावात त्याचं नाव होईल, कुणी त्याचं देणं लागेल, एखादी जखम, एखादा दोस्त. हे सुट्टीवर असणाऱ्याला मिळणार नाही. रणधीरने विचार केला आणि म्हणाला, "मला घोडा पाहिजे. पांढरा." दिला.

आणखी एक नियम मी एका दुसऱ्या खेळातून उचलला. २०१२ च्या 'डंजन वर्ल्ड'मध्ये फासा वाईट पडला, डाव फसला, की त्याचा पॉइंट मिळतो. फसण्याचा पॉइंट! ऐकायला उलटं वाटतं, पण कोल्हापूरकरांना तरी वाटू नये. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत घडलेला गडी, मॅटची सवय नव्हती. त्या सहाव्या नंबराला पदक नसतं. पण १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्य आणलं, तेव्हा लंडनचा अनुभव काय फुकट गेला होता? आमच्याकडे आता फसलेल्या डावाची एक टिकली मिळते. तीन टिकल्या झाल्या की एकदा फासा परत टाकायचा.

तुम्ही नवा ग्रुप जमवत असाल तर माझ्याकडून एवढंच. पहिल्या दिवशीच बसून ठरवा, की पॉइंट कशाला मिळणार. मारामारीला दिले तर मारामारीच होईल, पैशाला दिले तर लूटमार होईल, हजेरीला दिले तर अडचणीतला मित्र मागे पडेल. यातलं काहीच पाप नाही. पण ते आपोआप होऊ देऊ नका. आणि सूत्रधार असाल तर वर्षातून एकदा तरी शीटवरून नजर उचलून टेबलाभोवती बघा.

परवाच्या शनिवारी उंदऱ्या एका तिजोरीच्या कुलपाशी झटत होता. फासा पडला, एक! सगळ्यात वाईट आकडा. कुलूप तर उघडलं नाहीच, वर घंटा वाजली आणि अख्खा वाडा जागा झाला. "टिकली दे," असं ओरडून त्याने हात पुढे केला. आम्ही एवढे हसलो, की समोरचं दार किलकिलं झालंच.

"काय गं," काकूंनी विचारलं, "जिंकलं वाटतं कुणीतरी?"

"नाही काकू," उंदऱ्याच म्हणाला, "मी हरलोय. चहा घेणार?"

चहा या वेळी रणधीरने ठेवला.