कोणाच्या घरचा रे तू?

आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, तरी तोंडात अजून 'नगर'च येतं. तर या जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेच पुढे करून आमचे एक शेजारी मला निरुत्तर करू पाहतात. "जिथं घराला कडी नाही, तिथं तुमच्या लिनक्सला हो कसली कुलपं?"

या बोलण्यात मौज आहे, अक्कल नाही. २०११ साली युको बँकेनं त्याच गावात 'बिनकुलपाची' शाखा काढली. तिला काचेचं दार होतंच, आणि त्या दाराला सहज न दिसणारं, विजेच्या चुंबकावर चालणारं कुलूपही! भक्ती भक्तीच्या जागी, रोकड रोकडीच्या.

आता कर्नेल म्हणजे कर्नल नव्हे. नगरात रणगाड्यांचं लष्करी केंद्र असल्यामुळे हा खुलासा करावा लागतो. कर्नेल हे संगणकाचं माजघर. यंत्र चालू असतानाही तिथं बाहेरून पाहुणे येतात: कुठला ड्रायव्हर, कुठलं वायफायचं फर्मवेअर. एकदा आत बसला की तो म्हणेल ती पूर्व दिशा.

म्हणून २०१६ साली लिनक्सच्या ४.७ आवृत्तीत 'लोडपिन' आलं. मूळ कल्पना क्रोमओएसकडची, आणणारे कीस कुक. हे लोडपिन फार शिकलेलं नाही. पाहुण्याची सही बघत नाही, सामान उघडत नाही. जुन्या आजीसारखं एकच विचारतं, "कोणाच्या घरचा रे तू?" कर्नेलनं पहिली फाईल ज्या फाईलसिस्टिममधून घेतली, ते घर सोयरं. पुढचे सगळे तिथलेच हवेत. पेनड्राइव्हवरून आलेला कितीही सालस असो, उंबऱ्यावरूनच परत.

"पण यंत्राचा मालक मी! रूट मी!" शेजारी कडाडतात. अहो, तीच तर गोम आहे. ज्या चोरानं रूटचे अधिकार पळवले, तोही यंत्राच्या लेखी मालकच. आपल्या सहकाराच्या जिल्ह्यात "चेअरमनसाहेबांनी पाठवलंय" म्हटलं की साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर कोण अडवतो? लोडपिन अडवतं. खुद्द चेअरमन आले तरी अडवतं.

रोज नवा कर्नेल बांधून बघणाऱ्या हौशी माणसाला याचा जाच होतो, हे कबूल. त्यानं लावू नये. पण जे यंत्र गावाचा हिशेब सांभाळतं, त्यावर हवंच.

मात्र एक अट. ते सोयरं घर फक्त वाचण्यापुरतं असावं, त्यात कोणाला काही लिहिता येऊ नये. डीएम-व्हेरिटीसारखा पहारा असेल तर उत्तमच. डिस्कवर लिहिता येत असेल, तर चोर आपला माणूस आधी त्या घरात नेऊन बसवेल आणि मग घरचा म्हणून धाडेल. शिवाय अशा डिस्कवर लोडपिन बंद करायचं बटणही रूटच्या हाती राहतं. कुलूप दणदणीत, आणि किल्ली शेजारच्या खिळ्याला!