विश्लेषण : आयुक्तांचा पगार वाढला, तर नाशिक महापालिका सुधारेल का?

आठव्या केंद्रीय वेतन आयोगाला मंजुरी मिळाल्यापासून सरकारी पगारांची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. खड्ड्यांतून गाडी काढणारा नाशिककर विचारतो, ‘साहेबांना एवढा पगार कशासाठी?’ दुसरी बाजू म्हणते, चांगला पगार दिला तरच चांगली माणसे टिकतील आणि कारभार सुधारेल. नाशिक महापालिकेचा गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहिला, तर दोन्ही बाजू चुकीच्या खुर्चीकडे बोट दाखवत आहेत असे दिसते. कसे ते पाहू.

आयुक्तांचा पगार कोण ठरवतो?

नाशिककर नाहीत, नगरसेवकही नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते, त्यांचे वेतन आणि भत्तेही राज्य सरकारच ठरवते. पैसे मात्र महापालिकेच्या तिजोरीतून जातात. आयुक्तपदी बहुतेक वेळा भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी येतो. त्याचा पगार त्याच्या सेवाज्येष्ठतेवर ठरतो, शहराच्या आकारावर किंवा कामगिरीवर नाही. गोदावरी स्वच्छ झाली म्हणून पगार वाढत नाही आणि घंटागाडी आठवडाभर आली नाही म्हणून तो कापलाही जात नाही.

हा पगार किती? पालिकेला तो जड जातो का?

सातव्या वेतन आयोगानुसार या सेवेत बाराव्या स्तराचे मूळ वेतन ७८,८०० रुपयांपासून, तर चौदाव्या स्तराचे १,४४,२०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते मिळतात. वरचा आकडा घेऊन, सगळे भत्ते धरून वर्षाला ३० लाख रुपये मानले आणि महापालिकेचे अंदाजपत्रक साधारण ३ हजार कोटींचे धरले, तर हिशेब सोपा आहे : १०० रुपयांत एक पैसा. हा पगार दुप्पट केला तरी घरपट्टी वाढणार नाही आणि निम्मा केला तरी एका गल्लीचे डांबरीकरण होणार नाही. म्हणजे पैशाच्या अंगाने हा वाद जवळपास निरर्थक आहे.

मग ब्रिटनमध्ये यावरून एवढा वाद का होतो?

कारण तिथली व्यवस्था वेगळी आहे. तिथे स्थानिक परिषद आपला मुख्य कार्यकारी अधिकारी स्वतः निवडते आणि त्याचा पगारही स्वतः ठरवते. मोठ्या परिषदांमध्ये हा पगार वर्षाला दोन लाख पौंडांच्या वर, म्हणजे पंतप्रधानांपेक्षाही जास्त असू शकतो. त्यामुळे दरवर्षी त्यावर टीकेची झोड उठते. २०११ च्या लोकलिझम कायद्याने इंग्लंडमधील परिषदांना वरिष्ठांच्या पगाराचे धोरण दरवर्षी जाहीर करणे बंधनकारक केले.

पण मोठा पगार म्हणजे चांगला कारभार, हे तिथेही सिद्ध झालेले नाही. बर्मिंगहॅम ही तिथली सर्वांत मोठ्या परिषदांपैकी एक. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने आर्थिक दिवाळखोरीसारखी स्थिती असल्याची नोटीस काढली आणि सरकारला तिथे आपले प्रतिनिधी नेमावे लागले. तिथल्या मतदारांच्या हातात एक गोष्ट मात्र आहे : पगार कोणी ठरवला हे त्यांना माहीत असते आणि त्याचा जाब ते आपल्या प्रतिनिधींना विचारू शकतात. नाशिकमध्ये ती सोय नाही.

नाशिकची खरी अडचण कोणती?

कार्यकाळ. २०१८ ते २०२४ या सात वर्षांत तुकाराम मुंढे, राधाकृष्ण गमे, कैलास जाधव, रमेश पवार, डॉ. चंद्रकांत पुलकुंडवार आणि डॉ. अशोक करंजकर अशा सहा जणांनी आयुक्तपद सांभाळले. यांपैकी एकालाही सलग दोन वर्षे मिळाली नाहीत. मुंढे यांना साधारण नऊ महिने मिळाले, पवार यांना जेमतेम चार.

भारतीय प्रशासकीय सेवेच्या संवर्ग नियमांत २०१४ मध्ये झालेल्या बदलानुसार अधिकाऱ्याला एका पदावर किमान दोन वर्षे मिळणे अपेक्षित आहे. त्याआधी, ऑक्टोबर २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही निश्चित कार्यकाळाचा आग्रह धरला होता. महापालिका अधिनियमात मात्र आयुक्ताच्या नेमणुकीला एका वेळी तीन वर्षांची कमाल मर्यादा आहे. किमान मर्यादा नाही.

याचा परिणाम काय होतो? मलनिस्सारण केंद्रासारख्या कामाचा प्रकल्प आराखडा, मंजुरी, निविदा, कार्यादेश आणि बांधकाम यात तीन-चार वर्षे सहज जातात. एक आयुक्त आराखडा करतो, दुसरा निविदा काढतो, तिसरा ती रद्द करतो आणि चौथा उद्घाटनाला उभा राहतो. काम फसले तर नेमके कोणाला विचारायचे?

बदल्यांना नगरसेवक जबाबदार आहेत का?

मुंढे यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यांनी १ एप्रिल २०१८ पासून मालमत्तांचे करयोग्य मूल्य वाढवले, मोकळ्या जमिनीही कराच्या कक्षेत आल्या. शहर पेटले. ऑगस्टमध्ये तेव्हाच्या सत्ताधारी भाजपच्या नगरसेवकांनी त्यांच्यावर अविश्वास प्रस्ताव आणला. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्तक्षेपानंतर तो मागे घेतला गेला. नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली.

कायद्यानुसार एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला, तर सरकारला आयुक्त परत बोलवावा लागतो. १२२ सदस्यांच्या नाशिकमध्ये ही संख्या ७७ होते. म्हणजे नगरसेवकांच्या हातात शस्त्र आहे, हे खरे.

पण या युक्तिवादाला एक मोठे भगदाड आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षे, महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक होते. महासभाही तेच, स्थायी समितीही तेच. भांडायला समोर कोणी नव्हते, तरी आयुक्त बदलतच राहिले. नगरसेवक नसतानाही बदल्या थांबल्या नाहीत, याचा अर्थ त्यांची किल्ली राजीव गांधी भवनात नसून मंत्रालयात आहे.

म्हणजे पगाराचा प्रश्नच नाही का?

आहे, पण तो आयुक्तांच्या दालनात नाही. तो मधल्या फळीत आहे. शहर प्रत्यक्षात चालवतात ते शहर अभियंता, नगररचनाकार, लेखाधिकारी, वैद्यकीय अधिकारी, अग्निशमन अधिकारी आणि सहा विभागांतले कनिष्ठ अभियंते. नाशिक महापालिकेची मंजूर पदे सात हजारांहून अधिक आहेत. शहर वाढत गेले, माणसे मात्र निवृत्त होत गेली. रिक्त पदांचा आकडा कित्येक वर्षे हजारांच्या घरात राहिला. एकाच अभियंत्याकडे दोन-तीन पदांचा अतिरिक्त कार्यभार ही नेहमीची गोष्ट झाली.

इथे पगाराचा फरक पडतो. राज्याच्या वेतनश्रेणीत कनिष्ठ अभियंत्याचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. सुरुवातीला ते वाईट नाही. पण दहा-पंधरा वर्षांच्या अनुभवाच्या भूलतज्ज्ञाला, संरचना अभियंत्याला किंवा माहिती-तंत्रज्ञान तज्ज्ञाला खासगी क्षेत्र जे देते, त्याच्या जवळपासही पालिका जात नाही. मग ठेकेदार आणि सल्लागार संस्था येतात. सल्लागाराचा अहवाल बरोबर की चूक हे तपासणाराच पालिकेत उरत नाही.

त्याची किंमत काय असू शकते, हे नाशिकने पाहिले आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेनंतर विचारायला हवा होता तो प्रश्न आजही कायम आहे : अशी यंत्रणा नीट समजणारा, पालिकेला बांधील असलेला तंत्रज्ञ चोवीस तास तिथे असतो का?

मग भरती का होत नाही?

महसुली उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांहून जास्त खर्च आस्थापनेवर होत असेल, तर नव्या भरतीला परवानगी मिळत नाही, असा सरकारचा दंडक आहे. आरोग्य, अग्निशमन अशा अत्यावश्यक सेवांसाठी त्यातून सूट मागावी लागते. हेतू चांगला आहे : लोकांचा कर पगारातच संपू नये. पण ठेकेदारामार्फत घेतलेल्या माणसाचा खर्च आस्थापना खर्चात दिसत नाही. त्यामुळे कायम अभियंता नेमणे अवघड आणि त्याच कामाचा ठेका देणे सोपे, अशी उलटी गणिते तयार झाली. कागदावर टक्केवारी सांभाळली जाते, तिजोरीतून पैसे मात्र जातातच.

आताच हा विषय महत्त्वाचा का?

कारण सिंहस्थ तोंडावर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान आहे. हजारो कोटींची कामे एकाच वेळी सुरू आहेत. कुंभमेळ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आणि स्वतंत्र आयुक्त नेमले गेले आहेत. पण साधू-महंत आणि भाविक परतल्यावर रस्ते, पूल आणि मलनिस्सारण केंद्रे चालवायची आहेत ती महापालिकेलाच. ती चालवणारी माणसे आज भरली नाहीत, तर २०२८ मध्ये नवी यंत्रे जुन्याच अवस्थेत दिसतील.

काय करता येईल?

पहिले, आयुक्ताला किमान दोन वर्षे द्यावीत आणि त्याआधी बदली केली तर सरकारने तिची लेखी कारणे जाहीर करावीत. स्मार्ट सिटी अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला तीन वर्षांचा निश्चित कार्यकाळ दिला होता. कंपनीसाठी जे सुचले, ते महापालिकेसाठी का नाही?

दुसरे, ३५ टक्क्यांच्या हिशेबात ठेक्यावरील मनुष्यबळाचा खर्चही धरावा. मग कायम माणूस स्वस्त की ठेका, हे नागरिकांना दिसेल.

तिसरे, मोजक्या तांत्रिक पदांसाठी बाजारभावाच्या जवळ जाणारा पगार द्यावा, पण निश्चित मुदतीसाठी आणि लेखी उद्दिष्टांसह.

चौथी गोष्ट करायला नवा कायदाही लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचे मासिक वेतन सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायचे आहे. त्या यादीशेजारी त्या पदाची जबाबदारी, किती पदे रिक्त आहेत आणि अतिरिक्त कार्यभार कोणाकडे आहे, हेही मांडावे. नव्या नगरसेवकांनी पहिल्या अंदाजपत्रकीय सभेत एवढे जरी मागितले, तरी ‘साहेबांचा पगार किती’ हा प्रश्न मागे पडेल आणि ‘आपल्या प्रभागाचा अभियंता कोण, आणि तो आहे तरी का’ हा कामाचा प्रश्न पुढे येईल.