करंडक आला, सरांचं काय?

कॉलेजचा कबड्डीचा संघ करंडक जिंकून माणगावात उतरला की मिरवणूक निघणार, हे आता ठरूनच गेलं आहे. खालू बाजा नाहीतर बेंजो, गुलाल, उघडी जीप, जीपच्या पुढच्या बाजूला कर्णधार आणि मागे गळ्यातले हार सावरत थोडे अवघडून उभे असलेले सर. चौकातला बॅनर तर आधीच लागलेला असतो. रायगडात कबड्डीला जी जागा आहे ती पाहता यात नवल नाही. भातकापणी झाली की मोकळ्या शेतात आखलेल्या मैदानावर ज्या गावांच्या पिढ्या खेळल्या, त्यांना पोरांचा विजय घरच्या कार्यासारखाच वाटणार.

तरीही मिरवणूक संपल्यावर दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. काहीजण म्हणतात, पोरांनी वर्षभर घाम गाळला, एक संध्याकाळ नाचली तर कुणाचं काय बिघडलं? दुसरे विचारतात, हायवे अडवून काय साधलं, आणि तेवढ्या पैशात मॅट आली नसती का? सरांबद्दलही अशीच दोन मतं. कुणाला वाटतं, सगळं श्रेय त्यांचं. कुणाला वाटतं, खेळतात पोरं आणि हार घालून घेतात सर. या बोलण्यांपैकी एकही उडवून लावण्यासारखं नाही.

प्रशिक्षकाच्या बाजूचं सर्वांत बोलकं दृश्य आपण अलीकडेच पाहिलं. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला, आणि कर्णधार हरमनप्रीत कौर मैदानावरच अमोल मुझुमदारांच्या पाया पडली. मुझुमदारांची कहाणी मुंबईच्या क्रिकेटला पाठ आहे. १९८८ साली सचिन आणि कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते तेव्हा पुढच्या क्रमांकाचा हा मुलगा पॅड बांधून बसून होता. पुढे रणजी पदार्पणात २६० धावा आणि प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा करूनही भारताची टोपी त्यांना कधी मिळाली नाही. विश्वचषकात संघ लागोपाठ तीन सामने हरला तेव्हा टीकेचा रोख त्यांच्यावर होता. उपांत्य सामन्याआधी त्यांनी ड्रेसिंग रूमच्या फळ्यावर एवढंच लिहिलं की, समोरच्यांपेक्षा एक धाव जास्त हवी आहे. मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग झाला आणि जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद राहिली. त्या धावा जेमिमाच्या आहेत. पण तीन पराभवांनंतर संघ विस्कटू न देणं हेही काम आहे आणि ते धावफलकावर दिसत नाही. न दिसणाऱ्या कामाची दखल लोकांनी टाळ्या वाजवून घेतली तर त्यात चूक काढता येणार नाही.

कॉलेजपुरतं बोलायचं तर महाराष्ट्रात याहून मोठं उदाहरण आहे. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक होतं. कराडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि अख्खा मुलूख त्यात लोटला. खाशाबांनी नंतर कुस्त्यांचे फड लावून खर्डेकरांचे पैसे फेडले, असं सांगतात. पुढे काय झालं? पोलिस खात्यात नोकरी मिळाली ती १९५५ साली. १९८४ साली अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशक उलटल्यावर. आज त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. बैलगाड्या जोडणाऱ्यांचं प्रेम खरं होतं. त्या प्रेमाची पक्की व्यवस्था लावणं मात्र सरकारला जमलं नाही. म्हणून मिरवणुकीला नावं ठेवण्याआधी मी थांबतो: कित्येक खेळाडूंना आणि गुरूंना हयातीत मिळालेला एकमेव सन्मान तोच असतो.

सचिनचे गुरू रमाकांत आचरेकर मूळचे आपल्या कोकणातले, मालवणचे. द्रोणाचार्य पुरस्कार १९९० साली, पद्मश्री २०१० साली. तरी २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले तेव्हा त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले नाहीत, आणि त्यावरून मोठी नाराजी उसळली. शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारक उभं राहिलं ते डिसेंबर २०२४ मध्ये. सचिन सांगतो की शाळेत असताना स्वतःचा सामना सोडून तो दुसऱ्यांचा खेळ बघायला गेला, तेव्हा सरांनी त्याला चांगलंच खडसावलं होतं: टाळ्या वाजवायला जाऊ नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ. जल्लोष करणाऱ्या प्रत्येक गावाने हा किस्सा लक्षात ठेवावा. जीपमागे धावणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना उद्या सकाळी मैदानावर कोण नेणार, हे त्याच संध्याकाळी ठरलं पाहिजे.

आता दुसरी बाजू. श्रेय किती आणि कुणाला? विश्वचषकानंतर राज्य सरकारने स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज आणि राधा यादव यांना प्रत्येकी २ कोटी २५ लाख रुपये दिले आणि मुझुमदारांना २२ लाख ५० हजार. म्हणजे प्रशिक्षकाला एक दशांश. मला हे प्रमाण अन्यायाचं वाटत नाही. खेळाडूची कारकीर्द आठ-दहा वर्षांची. गुडघा गेला की संपली. सर साठीपर्यंत शिकवू शकतात. राहुल द्रविडने तर याच्याही पुढे जाऊन स्वतःच दाखला घालून दिला. २०१८ साली १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकल्यावर क्रिकेट मंडळाने त्याला ५० लाख आणि त्याच्या सहकाऱ्यांना २० लाख जाहीर केले, तेव्हा त्याने सर्वांना सारखे द्या असा आग्रह धरला आणि अखेर प्रत्येकाला २५ लाख मिळाले. २०२४च्या टी-२० विश्वचषकानंतरही त्याने इतर प्रशिक्षकांइतकीच रक्कम घेतल्याच्या बातम्या आल्या.

हा मुद्दा आपल्याकडे जास्त लागू पडतो. कॉलेजात येणारा मुलगा कबड्डी शिकूनच आलेला असतो. त्याला पहिली चढाई शिकवली गावच्या मंडळातल्या कुणा थोराड खेळाडूने, घोट्याची पकड शिकवली काकाने, किलो गटात उतरवलं हायस्कूलच्या क्रीडा शिक्षकांनी. कॉलेजचे सर त्या सगळ्यांवर कळस चढवतात. ते काम मोठंच आहे, पण सत्काराच्या व्यासपीठावर एकटा कळस दिसतो आणि पाया मांडवाच्या मागे उभा असतो. सकाळी मैदानावर पाणी मारणाऱ्या, खडे वेचणाऱ्या शिपायाला तर कुणी शालही देत नाही.

याहून गंभीर एक गोष्ट आहे आणि विजयाच्या वातावरणात ती बोलायला कुणी तयार नसतं. सातांत कोण उतरणार, राखीव बाकावर कोण बसणार, शिबिराला कुणाचं नाव जाणार, हे सर ठरवतात. आपल्याकडे खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. त्यामुळे संघात नाव असणं आणि प्रमाणपत्र मिळणं म्हणजे एखाद्या घराचं पुढचं आयुष्य बदलणं. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उगाच गाजली नाहीत. एवढी सत्ता हातात असलेल्या माणसाला गावाने देव केलं की त्याला प्रश्न विचारायला कुणाची जीभ रेटत नाही. मुलींच्या संघात तर हा धोका दुप्पट. २०२३ साली ऑलिंपिक पदकविजेत्या मल्लांना आपली तक्रार ऐकून घ्यावी म्हणून जंतरमंतरवर बसावं लागलं. पदक असलेल्यांची ही गत, तर तालुक्याच्या संघातली मुलगी कुणाकडे जाणार? बहुतेक सर सचोटीचे असतात, स्वतःच्या खिशातून एसटीचं भाडं भरणारे असतात. त्यांच्याच प्रतिष्ठेसाठी कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती खरोखर चालू असली पाहिजे आणि निवड चाचणीचे गुण फलकावर लागले पाहिजेत.

तुलनेसाठी अमेरिकेकडे बघावं. तिथल्या कॉलेजच्या बेसबॉलची अंतिम फेरी दर जूनमध्ये ओमाहा शहरात होते आणि आपल्याकडे पंढरीला जावं तशी माणसं तिकडे लोटतात. जून २०२५ मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने तिथे आठवं अजिंक्यपद मिळवलं. प्रशिक्षक जे जॉन्सन यांचं तीन वर्षांतलं हे दुसरं. चाहत्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्याच देशात बहुतेक राज्यांतला सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर हा कॉलेजचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो, आणि कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली ती १ जुलै २०२५ पासून. इतकी वर्षं सरांना कोट्यवधी आणि मुलांना शिष्यवृत्ती. आपल्याकडे उलट टोक आहे. कित्येक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचं पद रिकामं, आणि जो कुणी संघ घेऊन जातो तो तासिका तत्त्वावर, उन्हाळ्यात पगार नसलेला. शाळांमधला क्रीडा शिक्षकही बऱ्याच ठिकाणी मानधनावरच. अशा माणसाच्या खांद्यावर शाल टाकायची आणि त्याच्या नेमणुकीच्या पत्राबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे मला पटत नाही.

राहता राहिला रस्ता. ३ जून २०२५ च्या रात्री बंगळुरूच्या संघाने अठरा वर्षांनी आयपीएल जिंकलं. दुसऱ्या दिवशी दुपारीच घाईघाईने सोहळा ठरला आणि चिन्नास्वामी स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले. स्टेडियम सुमारे ३५ हजारांचं, रस्त्यावर माणसं लाखांनी. त्याआधी वर्षभर, ४ जुलै २०२४ रोजी, मरीन ड्राइव्हवर टी-२० विजेत्यांचं स्वागत झालं तेव्हा तुडुंब गर्दीने रुग्णवाहिकेला वाट करून दिली, ते चित्रीकरण सर्वांनी पाहिलं. काहींना तिथेही रुग्णालयात न्यावं लागलंच, आणि रात्रभर राबून पालिकेच्या कामगारांनी ११ हजार किलोंच्या वर कचरा उचलला.

माणगाव म्हणजे मरीन ड्राइव्ह नव्हे. पण मुंबई-गोवा महामार्ग आपल्या बाजारपेठेतूनच जातो. गणपतीत आणि शनिवार-रविवारी इथे गाड्या कशा तुंबतात हे सांगायची गरज नाही. ताम्हिणीकडून पुण्याची वाहनं, म्हसळा-श्रीवर्धनकडून पर्यटक, आणि याच वाटेने उपजिल्हा रुग्णालयात येणारे रुग्ण. अर्धा तास जीप थांबवून गुलाल उधळला तर त्या अर्ध्या तासात कुणाचं बाळंतपण अडकेल, कुणाला सर्पदंशावरचं औषध उशिरा मिळेल. आनंद कितीही खरा असला तरी ही किंमत दुसऱ्याच कुणाकडून वसूल करायचा अधिकार आपल्याला नाही.

सगळं तोलून पाहता माझं मत मिरवणुकीच्या बाजूनेच पडतं, आणि सरांच्या सत्काराच्याही. कोकणातला तरुण बारावीनंतर मुंबई-पुण्याची गाडी पकडतो. गावाने त्याचं नाव मोठ्याने घेण्याचे प्रसंग आधीच थोडे आहेत, तेही काढून घेऊ नयेत. मिरवणूक त्याच रात्री न काढता दोन-तीन दिवसांनी, पोलिसांना वेळ आणि मार्ग कळवून, महामार्ग सोडून कॉलेजच्या मैदानात न्यावी. डीजेच्या जागी खालू बाजा असला तर वाजवणाऱ्यांच्या घरीही चार पैसे जातील. बॅनरवर पुढाऱ्यांच्या आधी बारा खेळाडू असावेत, आणि त्यांच्या नावाखाली त्यांच्या गावच्या मंडळाचं नाव. पहिली शाल, ज्याने पहिल्यांदा मैदानात उतरवलं त्याला. सरांनी ती स्वतःच्या हातांनी द्यावी. असं करणाऱ्या सरांचा मान कमी होणार नाही, याची मला खात्री आहे.

आणि व्यासपीठावर आमदार, मंत्री, संस्थाचालक बसलेलेच असतील तर कर्णधाराने माइकवर आभारांसोबत तीन गोष्टी विचाराव्यात. सरांचं पद कायम कधी होणार? मुलींच्या संघाला सरावाची वेळ आणि कपडे बदलायची खोली कधी मिळणार? माणगावच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या मैदानावर तालुक्यातली पोरं कोणत्या तारखेपासून खेळणार? उत्तरं त्याच फलकावर लिहून ठेवावीत, ज्यावर निवड चाचणीचे गुण लागतात, आणि पुढच्या वर्षी संघ जिंको वा हरो, त्याच पाहुण्यांना पुन्हा बोलावून ती वाचून दाखवावीत.