निकालाचा दुसरा रकाना

मार्च महिन्यात रत्नागिरीतल्या मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी बसलं की दिवसभर तापलेला दगड अजून ऊब सोडत असतो. उजव्या हाताला रत्नदुर्ग, डावीकडे भाट्याची खाडी, खाली काळी वाळू आणि समोर पाण्यात उतरणारा सूर्य. नेमक्या त्याच वेळी अलास्कात पहाट होत असते. कडाक्याच्या थंडीत कुत्र्यांचे जथे बर्फावरून गाड्या ओढत असतात आणि गाडीवर बसवलेल्या यंत्रामुळे प्रत्येक गाडी फोनवरच्या नकाशात एक ठिपका होऊन सरकताना दिसते. घामेजल्या बोटांनी तो नकाशा मोठा करून पाहणाऱ्यांपैकी मी एक आहे. या छंदाने मला पुष्कळ आनंद दिला आणि एक प्रश्नही मागे लावला. प्राण्यांच्या शर्यतीवर जीव टाकणारा शौकीन त्या प्राण्याचा कोण लागतो?

प्रश्न अलास्कापुरता असता तर एकट्याच्या मनात ठेवून चाललं असतं. पण आपल्या जिल्ह्यात लावणीच्या दिवसांत नांगरणीच्या स्पर्धा भरतात. संगमेश्वर, लांजा भागात भाताच्या खाचरात गुडघाभर चिखल करून बैलजोड्या पळवल्या जातात. गावठी बैलांचा गट वेगळा, घाटी बैलांचा वेगळा. जोत धरणारा गडी जोडीमागे चिखल उडवत धावतो आणि घड्याळावर सेकंद मोजले जातात. मुंबईतला चाकरमानी लोकलच्या गर्दीत उभा राहून आपल्या वाडीची जोडी फोनवर पाहतो. घाटावर गेलात तर जुन्नर, आंबेगाव, खेडचे बैलगाडा घाट, सांगली-साताऱ्याची मैदानं, विदर्भातले शंकरपट. बकासूर, मथुर या बैलांची नावं शाळकरी मुलांच्या तोंडी असतात. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतल्या शर्यतीसाठी माणसं रात्रभर प्रवास करून येतात. शौकिनांची एवढी मोठी जमात ज्या राज्यात आहे तिथं हा प्रश्न सगळ्यांचा आहे.

शर्यतीच्या बाजूचं म्हणणं आधी नीट ऐकलं पाहिजे, कारण ते पोकळ नाही. अलास्कातली ‘इडिटारॉड’ ही शर्यत १९७३ मध्ये पहिल्यांदा अँकरेज ते नोम अशी झाली. अंतर सुमारे १६०० किलोमीटर. पहिल्या विजेत्याला २० दिवस लागले होते, आता नऊ-दहा दिवसांत गाडी पोचते. जो रेडिंग्टन या माणसाने ही शर्यत उभी केली त्यामागे एक भीती होती. गावोगाव बर्फावर चालणारी मोटार-यंत्रं आली होती आणि दारातली कुत्री नाहीशी होऊ लागली होती. अशीच कुत्री १९२५ मध्ये घटसर्पावरचं औषध घेऊन नोमपर्यंत धावली होती. २० गाडीवानांनी हातोहात सुमारे ११०० किलोमीटरची वाट साडेपाच दिवसांत कापली आणि एका गावाची मुलं वाचवली. ज्या जनावराने हे केलं ते केवळ यंत्र आलं म्हणून संपू नये, ही रेडिंग्टनची तळमळ होती. २०२३ मध्ये त्याचाच नातू रायन ही शर्यत जिंकला.

अलास्कात मोटार-यंत्राने जे केलं ते आपल्याकडे ट्रॅक्टरने आणि कोकणातल्या अरुंद खाचरांत पॉवर टिलरने केलं. बैलाचं काम गेलं की बैल ठेवायचा कशाला, हा हिशेब प्रत्येक गोठ्यात झाला आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातला देशी गोवंश २०१२ च्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी घटलेला दिसला. ‘कोकण कपिला’ ही आपल्या डोंगरउतारांवर वाढलेली ठेंगणी, काटक जात राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली, पण नुसत्या नोंदीने जनावराला पेंढा मिळत नाही. नांगरणीची स्पर्धा आहे म्हणून आज काही वाड्यांत जोडी बांधलेली आहे. खिल्लार बैलाला जी किंमत येते तिच्यामागेही मैदानच आहे. बैल ठेवणारा पहाटे उठतो, स्वतःच्या ताटाआधी त्याची पेंड भिजवतो, त्याच्या खुराला काटा लागला तर रात्र जागतो. या मायेला कोणी दिखावा म्हणू नये. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गुरांना ओवाळतात ते मनापासूनच.

आता दुसरी बाजू, आणि तीही पूर्ण ताकदीने मांडायला हवी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली तेव्हा त्या निकालात बैलाच्या शरीराचा विचार होता. बैल हा घोड्यासारखा धावण्यासाठी घडलेला प्राणी नाही, तो भीतीने आणि वेदनेने पळतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. शेपटी पिरगाळणं, आर टोचणं, चाबूक, विजेचा झटका हे प्रकार कोणी कल्पनेतून रचले नव्हते. मैदानावर गेलेल्या प्रत्येकाने त्यातलं काही ना काही पाहिलं होतं आणि बहुतेक जण गप्प राहिले होते. पुढे जल्लीकट्टूसाठी तामिळनाडूत मोठं आंदोलन झालं, २०१७ मध्ये तिथं आणि महाराष्ट्रातही कायदा दुरुस्त झाला. मुंबई उच्च न्यायालयाने आपल्याकडच्या शर्यती रोखून धरल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून त्या पुन्हा सुरू होऊ दिल्या आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. कायद्याचा वाद मिटला. जनावराचा वाद मिटला का?

अलास्कातही तो मिटलेला नाही. २०२४ च्या शर्यतीत तीन कुत्री वाटेत मेली. २०१७ मध्ये एका जथ्यातल्या कुत्र्यांच्या तपासणीत वेदनाशामक औषध सापडलं आणि ते कोणी दिलं यावरून मोठं वादळ उठलं. प्राणिमित्र संघटनांच्या दबावानंतर मोठमोठ्या प्रायोजकांनी अंग काढून घेतलं. शर्यतीचे लोक सांगतात की ही कुत्री धावण्यासाठी अधीर असतात, गाडीला जुंपताना उड्या मारतात, भुंकून आभाळ डोक्यावर घेतात. हे खरं आहे. पण दहा मिनिटं धावण्याची हौस आणि दहा दिवस धावण्याची सक्ती यांत अंतर आहे. बैलाने वैरणीकडे आनंदाने धाव घेतली म्हणून त्याने मैदानाला होकार दिला असं होत नाही. मुक्या जनावराचा होकार आपण आपल्या सोयीने वाचतो. शर्यतविरोधकांचा हा मुद्दा आजवर कोणालाही खोडता आलेला मला दिसला नाही.

मग शौकिनाने काय करावं? सरळ पाठ फिरवावी, असं एक उत्तर आहे. त्या उत्तराचा मान राखूनही मला ते अपुरं वाटतं. २०१४ ते २०२१ या बंदीच्या काळात शर्यती पूर्णपणे थांबल्या नव्हत्या. कित्येक ठिकाणी त्या पहाटेच्या अंधारात, पोलिसांची नजर चुकवून झाल्या. तिथं डॉक्टर नव्हता, पंच नव्हता, जाब विचारणारं कोणी नव्हतं. शिवाय २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. काम नसलेला आणि शर्यत नसलेला बैल अशा वेळी कोणाच्या दारात उभा राहणार, याचं उत्तर बंदी मागणाऱ्यांनीही द्यायला हवं. ‘परंपरा आहे’ एवढं बोलून डोळे मिटून टाळ्या वाजवणं हे दुसरं टोक. परंपरा माणसांनी घडवली आहे, तेव्हा तिच्यातलं क्रौर्य माणसांनीच काढायचं असतं.

मला जी वाट दिसते ती अलास्काच्या निकालपत्रकात सापडली. त्या शर्यतीत वाटेत ठाणी असतात. प्रत्येक ठाण्यावर गाडी किती वाजता आली आणि किती वाजता निघाली ते नोंदतात. त्याच ओळीत आणखी दोन आकडे असतात: किती कुत्री घेऊन आला, किती घेऊन गेला. आला चौदा घेऊन, गेला बारा घेऊन, तर दोन कुत्री थकली किंवा लंगडली म्हणून मागे ठेवली, हे जगभरच्या शौकिनांना क्षणात कळतं. सुरुवातीला मी फक्त वेळेचा रकाना पाहायचो. हळूहळू नजर त्या दुसऱ्या रकान्यावर जाऊ लागली. दोन तास मागे असलेला पण सगळी कुत्री सांभाळून आणणारा गाडीवान मला पुढच्यापेक्षा मोठा वाटू लागला. तिथं गाडीवानाला कुत्र्यांची वैद्यकीय नोंदवही सोबत बाळगावी लागते. चोवीस तासांची एक आणि आठ तासांच्या दोन सक्तीच्या विश्रांती असतात. शिवाय जनावरांची उत्तम काळजी घेणाऱ्याला वेगळा पुरस्कार मिळतो, तो पशुवैद्य ठरवतात, आणि १९२५ च्या त्या औषधाच्या धावेतला नामवंत गाडीवान लिओनार्ड सेपाला याचं नाव त्याला दिलं आहे. एवढं असूनही कुत्री मेली, हे विसरून चालणार नाही. पण ती मेली हे लपलं नाही आणि प्रत्येक मृत्यूनंतर जाब विचारला गेला, याचं एक कारण तो दुसरा रकाना आहे.

आपल्या निकालात काय छापतात? गाव, मालकाचं नाव, सेकंद आणि बक्षीस. मोटारसायकल, ट्रॅक्टर, थार. बैलाचं वय किती, आजची ही त्याची कितवी धाव, उतरल्यावर तो लंगडला का, त्याच्या अंगावर वळ होते का, यांतलं काहीही नाही. राज्याच्या नियमांत धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब नसावी, पशुवैद्याची तपासणी व्हावी, चाबूक-काठी वापरू नये असं सगळं आहे. कायद्यात क्रौर्याबद्दल पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कागद तहसीलमध्ये राहतो आणि मैदान गावात भरतं. त्या दोहोंच्या मधे हजारोंच्या संख्येने उभा असतो तो शौकीन. वर्गणी त्याची, गर्दी त्याची, फोनवर शर्यत पाहणारे डोळे त्याचे. तो जे विचारील ते आयोजकाला ठेवावं लागेल.

म्हणून मागणं साधं आहे. नांगरणीची स्पर्धा असो की गाड्याची बारी, फलकावर सेकंदांशेजारी प्रत्येक बैलाची तपासणी कोणी केली आणि शर्यतीनंतर तो कसा होता हे लिहावं. ध्वनिवर्धकावर गावाची नावं पुकारणाऱ्याने तेही वाचून दाखवावं. सगळ्यांत चांगली राखलेली जोडी पशुवैद्याने निवडावी आणि तिचं बक्षीस पहिल्या क्रमांकाच्या तोडीचं असावं. बैलावर हात उगारणाऱ्याची जोडी बाद करावी, मग ती कोणाचीही असो. म्हातारा झालेला, मैदान गाजवलेला बैल आज कुठे आहे, हे दर वर्षी त्याच मैदानावर सांगावं.

यावर आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पाच-पन्नास जोड्यांच्या वाडीतल्या स्पर्धेला पशुवैद्य कुठून आणायचा? तालुक्याला मोजके डॉक्टर, त्यांच्यावर आधीच गावांचा भार. खर्च वाढला की लहान स्पर्धा बंद पडतील आणि पैसेवाल्यांच्या मैदानांत बैल कोंडले जातील, ही भीतीही खोटी नाही. त्यासाठी शेजारच्या चार गावांनी एकाच दिवशी एकच स्पर्धा घ्यावी, जोड्या कमी ठेवाव्यात, पण तपासणी सोडू नये. सगळ्यांत जड आक्षेप असा की वही कितीही नीट भरली तरी जनावराला विचारलेलं नाहीच. हे मान्यच करावं लागतं. त्या आक्षेपाचं ओझं शौकिनाने कधीही पूर्ण खाली ठेवू नये. ज्या दिवशी नोंदी नीट ठेवूनही त्याच सांगतील की जनावर सोसत आहे, त्या दिवशी आपली आवड सोडायची तयारी हवी. ती तयारी नसेल तर नोंदवही म्हणजे केवळ मनाचं समाधान.

नोम गावात शर्यतीच्या दिवसांत एक कंदील लावतात. शेवटची गाडी पोचेपर्यंत तो विझवत नाहीत. पहिला येऊन काही दिवस झालेले असतात, गर्दी पांगलेली असते, तरी कंदील जळत असतो, कारण वाटेत अजून कुत्री आहेत. आमच्याकडे पावसाळ्यात निकाल लागला, गुलाल उधळला की लोक पांगतात. चिखलाने माखलेली जोडी घेऊन मालक एकटाच पऱ्यावर जातो, तिला धुतो, खूर तपासतो, गोठ्यात बांधून पुढ्यात पेंढा टाकतो. शर्यतीचा खरा निकाल त्या वेळी गोठ्यात लागतो: बैलाने पेंढ्याला तोंड लावलं की नाही. यंदाच्या पावसात स्पर्धेला गेलेल्या प्रत्येकाने तेवढा वेळ थांबावं आणि ते पाहून मग घरी जावं.