सेवानिवृत्तांची सुटी

उन्हाळ्याची सुटी ही ज्याला बाकीचें वर्षभर काम असतें त्याची चैन आहे. शाळेंतील मुलांना ती आहे, प्रोफेसरांना आहे, कोर्टांतील मंडळींनाही आहे. पेन्शन घेणाऱ्या माणसाला मात्र ती नाहीं. ज्याला सोमवार आणि रविवार सारखेच, त्यानें सुटी घ्यावी तरी कशापासून? उलट मे महिन्यांत नातवंडें घरीं आलीं कीं त्याचें काम वाढतें, आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली लपवून ठेवण्यापासून आइस्क्रीम आणून देण्यापर्यंत नाना जबाबदाऱ्या त्याच्या अंगावर येऊन पडतात. असें असूनही आम्ही चौघे स्नेही गेलीं बारा वर्षें गुढीपाडवा झाला कीं सुटीच्या तयारीला लागतों, आणि मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत ती नेमानें उपभोगतों. घरांतलीं माणसें हंसतात. हंसोत बापडीं!

चौघांत एक वकील आहेत, एक गणिताचे मास्तर आहेत, एकजण बँकेंत जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजून आलेले आहेत, आणि चौथे आम्ही. चौघेही एकाच शाळेच्या एकाच तुकडींतले. त्यामुळें सत्तरी ओलांडली तरी एकमेकांना अरे-तुरे करण्याचा हक्क अबाधित आहे. बाहेरच्या जगांत हा हक्क बजावणारीं माणसें आतां फारशीं उरलीं नाहींत. मुलें ‘बाबा’ म्हणतात, सुनाही ‘बाबा’च म्हणतात, रिक्षावाला तर सरळ ‘आजोबा’ म्हणून मोकळा होतो. नुसत्या नांवानें हांक मारणारें कोणी असावें ही भूक ज्याला कळली आहे, त्याला आमच्या सुटीचें प्रयोजन निराळें सांगावयास नको.

सुटी म्हटली कीं काश्मीर, सिमला, निदानपक्षीं महाबळेश्वर तरी डोळ्यांपुढें येतें. हल्लीं ज्येष्ठांसाठीं निराळ्या सहलीही निघतात. त्यांत पथ्याचें जेवण, चाकाची खुर्ची आणि रात्रीं गाण्यांच्या भेंड्या हें सर्व तिकिटांतच असतें. त्या वाईट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पुण्यांत राहणाऱ्याला पुण्याचाच उन्हाळा पुरतो, मात्र तो कोणत्या घटकेला घ्यावा हें ठाऊक पाहिजे. समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवरचें हें शहर. दुपारीं पारा चाळिशीला टेकतो तेव्हां रस्त्यावर कावळाही दिसत नाहीं. पण पहाटे पांचपासून साडेसातपर्यंत, आणि संध्याकाळीं सूर्य टेकड्यांआड गेल्यावर जो वारा सुटतो, त्याचें मोल एखाद्या मुंबईकर पाहुण्याला विचारावें. मधल्या वेळांत आम्ही वाळा घातलेल्या माठाशेजारीं निजून असतों, आणि त्याची आम्हांस यत्किंचितही लाज वाटत नाहीं.

पहाटेची जागा म्हणजे पर्वती. तिच्या १०३ पायऱ्या आम्ही एका दमांत चढत असूं ते दिवस गेले. आतां तीन ठिकाणीं थांबतों आणि थांबण्यास इतिहासाचें निमित्त करतों. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं येथें देवदेवेश्वराचें देऊळ बांधविलें, आणि पानिपतानंतर खचून १७६१ सालीं देह ठेवला तोही येथेंच. ही हकीकत आमचे वकील दर उन्हाळ्यांत सांगतात व आम्ही ती दर वेळीं नवी असल्यासारखी ऐकतों, कारण ती सांगतांना त्यांना लागलेली धाप झांकली जाते. वर गेल्यावर खालचें शहर दिसतें. आमच्या लहानपणीं तेथून कौलें आणि झाडें दिसत. आतां कौलें शोधावीं लागतात. हवा निवळ असली तर नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो, आणि तो दिसला कीं ‘यंदा केव्हां?’ हा प्रश्न कोणीतरी काढतोच.

संध्याकाळचा मोठा आधार वसंत व्याख्यानमालेचा. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८७५ सालीं सुरू केलेली ही माला २१ एप्रिलपासून २० मेपर्यंत चालते. ऐन उन्हाळ्यांत, शहर सोडून न जातां, महिनाभर रोज संध्याकाळीं दुसऱ्याचें भाषण ऐकण्यास माणसें येऊन बसतात, ही गोष्ट पुणेंकरांना भांडखोर म्हणणाऱ्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. टिळक स्मारक मंदिरांतल्या आमच्या चार खुर्च्या जवळजवळ ठरलेल्या आहेत. बँकवाले स्नेही तिसऱ्या मिनिटाला डोळे मिटतात, आणि शेवटीं टाळ्या सुरू झाल्या म्हणजे उघडून वक्त्याला असा एक नेमका प्रश्न विचारतात कीं जागे राहिलेल्या आम्हां तिघांना तो सुचलेला नसतो. हें त्यांना कसें साधतें याचा उलगडा अद्याप झालेला नाहीं.

मध्यें एकेकाच्या घरीं एकेक रसाचें जेवण होतें. त्यांत नवीन सांगण्याजोगें कांहीं नाहीं. कोंकणच्या हापुसाला २०१८ सालीं भौगोलिक ओळखीची सरकारी नोंद मिळाली. तरी पेटीवर देवगड छापून आंत कर्नाटकाचा आंबा घालण्याची कला कांहीं बुडाली नाहीं, आणि ती ओळखण्याचा मान आमच्या मंडळींत वकिलांच्या पत्नीकडे आहे. त्या आंब्याचा नुसता देंठ हुंगून निकाल देतात. त्यावर अपील नाहीं.

खरी सहल एकच, सिंहगडाची. स्वारगेटहून बसनें पायथ्याशीं जावयाचें, आतकरवाडीच्या पायवाटेनें चढावयाचें, तानाजी मालुसऱ्यांच्या स्मारकापुढें क्षणभर उभें राहावयाचें, देवटाक्याशीं बसावयाचें, टिळकांच्या बंगल्याजवळून फेरी मारून पिठलें-भाकरी व मडक्यांतलें दहीं खावयाचें, आणि उतरावयाचें. तरुण माणूस ही वाट तासाभरांत चढतो. आम्हांला दोन तास लागतात. बारा वर्षांत या क्रमांत बदल झाला नव्हता.

तो यंदा झाला. मास्तरांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या आहेत. गेल्या वर्षीं ते निम्म्या वाटेवरच्या ताकवालीपाशीं बसून राहिले व ‘तुम्ही या जाऊन, मी येथें मजेंत आहें’ असें म्हणाले. यंदा पर्वतीवर येणें त्यांनीं चैत्रांतच सोडलें. खालीं बांकावर बसून आमच्या पिशव्या सांभाळूं लागले. गडाचा दिवस ठरला, आणि आदल्या रात्रीं मोबाइलवर त्यांचा निरोप आला कीं पहाटे घरीं नळवाला येणार असल्यामुळें जमणार नाहीं. पहाटे साडेपांचला नळवाला येईल असें घर पुण्यांत अद्याप बांधलें गेलेलें नाहीं.

वाचकांपैकीं अनेकांची अशी एखादी मंडळी असेल, आणि ती कशी विस्कटते हें त्यांनीं पाहिलें असेल. भांडणानें ती सहसा विस्कटत नाहीं. ज्याचे पाय आधीं थकतात तो आपल्यामुळें इतरांचा खोळंबा नको म्हणून घरीं राहतो. इतरही त्याला अवघड वाटूं नये म्हणून आग्रह करीत नाहींत. दोन्हीकडून हा निव्वळ सभ्यपणा! पण असे दोन उन्हाळे गेले कीं फोन करण्याचेंही राहून जातें, आणि मग एकदम कोणाच्या तरी समाचाराला जातांनाच त्याच्या घराचा जिना चढावयाचा. आम्हांला हा सभ्यपणा मान्य नाहीं.

वकिलांनींही तो पाळला नाहीं. त्यांनीं तात्काळ मास्तरांना फोन लावला. ‘येतोस का?’ असें त्यांनीं विचारलेंच नाहीं. म्हणाले, “अरे, रविवार आहे, वर गर्दी उसळणार. पिठलें-भाकरीचें आधीं पोहोंचून सांगणारा कोणी पाहिजे. तूं आणि हा बँकवाला मोटारीनें पुढें व्हा. साडेसातला तुझ्या दाराशीं गाडी येईल.” पलीकडे कांहीं वेळ शांतता होती. मग मास्तर म्हणाले, “वांगें सांगूं कीं नुसतें पिठलें?”

घाटरस्त्याची ही सोय बरी कीं वाईट, याविषयीं मतभेद आहेत. २०२२ च्या मे महिन्यांत खासगी मोटारी बंद करून गडावर विजेच्या बसगाड्या नेण्याचा प्रयोग झाला आणि थोड्याच दिवसांत तो गुंडाळला गेला. गडावर मोटारींची रांग लागावी हें आम्हांलाही रुचत नाहीं; परंतु त्या दिवशीं त्या रांगेंतल्या एका मोटारीबद्दल आमची कांहीं तक्रार नव्हती.

आम्ही आणि वकील घामाघूम होऊन पुणें दरवाजाशीं पोहोंचलों तों मास्तर तेथें येऊन उभे! मोटार उभी केल्यावरही दरवाजापर्यंत चढ आहे, पायऱ्या आहेत. त्या त्यांनीं काठी टेकीत, बँकवाल्यांचा हात न धरतां चढल्या होत्या, आणि शिक्षकाच्या जुन्या संवयीनें मोजल्याही होत्या. “किती उशीर?” असें म्हणून त्यांनीं घड्याळाकडे पाहिलें. इतका आनंद आम्हांला शाळेंत उशिरां पोहोंचल्यावर कधीं झाला नव्हता. पिठलें सांगितलेलें होतें, जागा सांवलींत धरलेली होती, आणि वांग्याचें भरीत पदरचें.

जेवतांना मास्तरांनीं स्वतःच गोष्ट काढली. डॉक्टर दोन वर्षांपासून गुडघा बदलावयास सांगत आहेत. शस्त्रक्रियेची भीति नाहीं. दुसऱ्याच दिवशीं उभें करतात, पुढें व्यायाम नेटानें केला तर माणूस पुन्हां हिंडूं लागतो, हें सर्व त्यांनीं वाचून ठेवलें होतें. मुलगा अमेरिकेंत. तो येतों म्हणतो, पण त्याला किती दिवस रजा मिळणार? वहिनींना दमा, त्यांना रात्रीं दवाखान्यांत बसविणें बरें नव्हे. “आणि पैसे देऊन माणूस ठेवतां येतो रे,” ते म्हणाले, “पण रात्रीं जाग आली तर त्याच्याशीं बोलायचें काय?” एवढें बोलून ते दह्याचें मडकें उगाच फिरवीत बसले. त्या वेळीं कोणी कांहीं बोललें नाहीं.

परततांना चौघे एकाच मोटारींत होतों. खडकवासल्याचा जलाशय दिसला कीं मास्तर पानशेतची हकीकत सांगतात. तशी ती यंदाही सांगितली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही फुटलें, आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. मास्तर तेव्हां आठ वर्षांचे. शेजारच्या बिऱ्हाडांतल्या एका पहिलवानानें त्यांना पाठुंगळीला घेऊन पर्वती गांठली. “त्यानें कांहीं विचारलें नाहीं हो,” मास्तर नेहमींप्रमाणें म्हणाले, “नुसतें उचललें.”

“मग आतां तरी विचारायचें कशाला?” वकील म्हणाले, आणि त्यांनीं नाक्यावरची पावती उलटी करून गुडघ्यावर ठेवली. “रात्री किती?”

“एका गुडघ्याला पांच.”

“आम्ही तिघे.”

“भाग जात नाहीं,” मास्तर म्हणाले. “दोन उरतात.”

“त्या दोन माझ्या,” बँकवाले गाडी चालवतां चालवतां म्हणाले. “मला रात्रीं एरवींही झोप कोठें येते! जी काय येते ती व्याख्यानांत.”

पावतीवर चार ओळी झाल्या. आमच्या वांट्याला पहिली रात्र आली. वहिनींना डबा कोणी पोहोंचवावयाचा, मुलाला फोन कोणी करावयाचा, हेंही त्यांतच लिहिलें गेलें. तारखेचें मात्र अडलें. डॉक्टरांनीं दुसऱ्याच आठवड्यांतला एक दिवस सुचविला होता. मास्तर त्याला कबूल होईनात. शेवटीं २० मेनंतरचा दिवस ठरला. व्याख्यानमाला बुडवून गुडघा बदलण्याची त्यांची तयारी नव्हती.