पडद्यापलीकडचा योगवर्ग

योगशिक्षणात ‘गुरूचा हात’ हा केवळ अलंकार नव्हे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले, आणि पुढे त्यांनी रूढ केलेल्या अध्यापनात शब्दाइतकेच स्पर्शालाही स्थान राहिले. १९७५ मध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेतील भिंतीवरचे दोर, लाकडी विटा आणि पट्टे हे त्या हाताचेच विस्तार होत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, वर्गांच्या सतरंज्या गुंडाळल्या गेल्या आणि ही स्पर्शाची विद्या मोबाइलच्या पडद्यावर आली. टाळेबंदी उठली, पडदा मात्र राहिला.

तो राहिला याचे श्रेय पुष्कळ अंशी घरातील स्त्रियांना आहे. व्यापारी घरातील सुनेला पहाटे सहाला घराबाहेर पडणे सहसा साधत नाही. दूध, मुलांचे डबे, सासूबाईंचे नवकारशीचे पाणी, नऊला दुकान उघडण्याची घाई! तीच सून आता दार लोटून पाऊण तास स्वतःसाठी काढते. बार्शी किंवा जालन्याच्या पेठेत बसून पुण्यातील शिक्षकाकडे शिकता येते, हा लाभ लहान नाही. साधनांचीही अडचण नाही. गादीवरचा लोड पाठीखाली घेतला की सुप्तबद्धकोणासनाची सोय झाली. (कटासणे मात्र सामायिकासाठीच राहू द्यावे.)

परंतु पडदा सपाट असतो. त्रिकोणासनात नितंब मागे सरकतात आणि छाती जमिनीकडे कलते. समोर ठेवलेल्या कॅमेऱ्यास हे नीट दिसत नाही. वर्षानुवर्षे गल्ल्यावर वाकून बसलेल्या माणसाची पाठ तर वाकलेलीच असते, आणि ती सरळ आहे असेच त्याला वाटत असते. प्रत्यक्ष वर्गात शिक्षकाचे एक बोट पुरते. येथे मोबाइल बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे निदान पाठीची रेषा दिसेल.

खरा धोका शीर्षासन आणि सर्वांगासनात आहे. तेथे भार मानेकडे जातो, आणि चूक घडत असताना पलीकडून धावून येणारे कोणी नसते. उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेच्या मणक्यांचे दुखणे असणाऱ्यांनी ही आसने पडद्यावर पाहून करूच नयेत. निरोगी माणसानेही ती आधी प्रत्यक्ष शिक्षकासमोर शिकावीत. घरी सराव त्यानंतर. आपले आजार शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगावेत. दोनशे चौकटींतून शिक्षक आपल्याला ओळखील, ही अपेक्षा व्यर्थ होय. म्हणून शुल्क विचारण्याआधी वर्गात एका वेळी किती जण असतात, हे विचारावे. स्वस्त माल पारखून घेणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत बंद पडते; आपले सामायिक ४८ मिनिटांचे. ही आठ मिनिटे कापली जातात ती नेमकी शेवटच्या शवासनातून, आणि मग अंग थकलेले व मन धावते अशा स्थितीत माणूस थेट दुकानाकडे वळतो. कायोत्सर्गाची सवय असलेल्या घराला शरीर सैल सोडण्याचे मोल ठाऊक असते. वर्ग तुटला तरी आसनावरून उठू नये. मोबाइल पालथा ठेवावा, डोळे मिटावेत आणि ती आठ मिनिटे पुरी करावीत.