सिकलसेलचा इलाज आणि मज्जा रिकामी करण्याची किंमत

१७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातील भैंसोला येथे पंतप्रधानांच्या हस्ते मध्य प्रदेशातील एक कोटीवे सिकलसेल तपासणी कार्ड देण्यात आले. कार्डानंतर उपचाराचे काय, हा प्रश्न भिल्ल-भिलालांच्या वस्त्यांना टाळता येणारा नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेचे ‘बिरसा १०१’ हे जनुक-संपादनाचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. अमेरिकेत ‘कॅसजेव्ही’ उपचाराची किंमत २२ लाख डॉलर असताना देशी पर्यायाचे स्वागतच व्हायला हवे. मात्र सारी चर्चा जनुकाभोवतीच फिरते. अस्थिमज्जेतील जुन्या, सदोष मूलपेशी हटवल्याशिवाय दुरुस्त पेशींना रुजायला जागा मिळत नाही आणि आज त्यासाठी प्रामुख्याने बुसल्फान हे जहाल औषध वापरले जाते. त्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे संसर्गाच्या भीतीत काढावे लागतात. पुढे वंध्यत्वाचा धोकाही मोठा. विशीतल्या मुलीपुढे आजार की अपत्य, असा सौदा ठेवायचा आणि त्याला इलाज म्हणायचे?

म्हणूनच प्रतिपिंडांच्या संशोधनाकडे पाहायला हवे. मूलपेशींवरील ‘सीडी ११७’ ही खूण ओळखून त्यांनाच वेचून काढणाऱ्या प्रतिपिंडांच्या प्रारंभिक चाचण्या परदेशात झाल्या आहेत. अडचण अशी, की पूर्ण प्रतिपिंड रक्तात आठवडेच्या आठवडे टिकते. ते उरले असताना नव्या पेशी सोडल्या, तर त्याही मारल्या जातात. त्याचा छोटा तुकडा काही तासांतच बाहेर पडतो. पण शरीराच्या संरक्षक पेशींना बोलावणारे शेपूट त्याला नसते, म्हणून त्याला विषाची जोड द्यावी लागते. शिवाय ही खूण प्रजननपेशींवरही आढळते. तेव्हा वंध्यत्वाचा प्रश्न आपोआप सुटला, असे मानणे घाईचे होईल. केवळ रक्तपेशींच्या कुळात दिसणाऱ्या ‘सीडी ४५’वरही काम सुरू आहे, ते त्यासाठीच.

हे तुकडे साध्या जिवाणूंतही वाढवता येतात. डोळ्यांच्या विकारावरील रॅनिबिझुमॅब हा असाच तुकडा. त्याची भारतीय आवृत्ती २०१५ पासून बाजारात आहे. म्हणजे कौशल्य देशात आहे. पवारांच्या या जुन्या संस्थानांच्या मुलखात, धारकडे पिथमपूरला आणि इकडे देवासला, औषधांचे कारखानेही आहेत. सिकलसेल अभियानाचे उद्दिष्ट २०४७ चे आहे. जनुक-संपादनावर होणाऱ्या खर्चातला काही वाटा आतापासूनच या तुकड्यांच्या संशोधनाला मिळाला, तर धारच्या रुग्णापर्यंत पोहोचणारा उपचार त्याला सोसवेलही.